जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार



जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांना लावतो. आज तो एका मोटारीला लावू द्यावा, अशी विनंती आहे. मोटार म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट अकराशे. पुढे तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. इंजिन १०८९ सी.सी.चे, चार सिलिंडरांचे, साधे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ सालापर्यंत धावत होती. अशी गाडी घरच्या पडवीत दुरुस्तीला घेणाऱ्यापुढे खरा प्रश्न एकच असतो : राखायचे काय आणि बदलायचे काय?

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन जाम होते. उतावळा मनुष्य नवी बॅटरी जोडून स्टार्टर मारतो. पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला धरलेल्या असतात. जोर लावला की त्या मोडतात. जाणता मनुष्य प्लग काढून आत पातळ तेल सोडतो, काही दिवस थांबतो आणि मग हाताने इंजिन फिरवून पाहतो. या कामात सबुरी हेच पहिले हत्यार.

पत्र्याची गोष्ट निराळी. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची काया हाच तिचा सांगाडा. दाराखालचा गंज लांबी भरून रंगाखाली झाकणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला वॉर्निश लावणे होय. तो भाग कापून नवा पत्रा जोडलाच पाहिजे. ब्रेकची जुनी रबरेही ‘मूळची’ म्हणून जपू नयेत. ज्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे ते बदलावे; घड्याळे, मुठी, काचा, आसने यांत गाडीची ओळख आहे, ती शक्यतो राखावीत. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या स्वतंत्र नोंदणीची सोय केली, तीही मूळ स्वरूप राखण्याच्या अटीवरच.

परंतु सुटे भाग एक वेळ मिळतील. हात मिळणार नाहीत. कानाने इंजिनाचा दोष ओळखणारे फिटर, हातोडीने पत्र्याला गोलाई देणारे कारागीर आज वृद्ध झाले आहेत. त्यांची विद्या कोणत्याही पुस्तकात पुरती उतरलेली नाही. आपल्या गावातल्या अशा कारागिराला पडवीत बोलवा आणि शेजारी एक तरुण बसवा. गाडी चालू झाली तर उत्तमच. पण ती विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेली, तर जीर्णोद्धार सफळ झाला असे मी म्हणेन.