एक अख्खी बाजू

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या देवळाली प्रवरेत सगळं ठप्प झालं. राहुरी फॅक्टरीकडचा रस्ता भर दिवसा ओस पडला. २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामानंद सागरांचं रामायण पुन्हा सुरू झालं. आमच्याकडे मात्र माळ्यावरून ‘गीतरामायणा’च्या रेकॉर्डी खाली आल्या.

मलमलच्या फडक्यानं धूळ पुसली, पिन टेकवली. आधी खरखर, मग बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा, आवाज. शब्दातलं जोडाक्षरसुद्धा कुठं दबत नाही, हे त्या शांततेत नव्यानं जाणवलं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गदिमांची ही गीतं आठवड्याला एक अशी लागत. एकंदर ५६ गीतं, आणि गाणारे अनेक. आमच्या रेकॉर्डींवर मात्र सगळं सुधीर फडक्यांनीच गायलंय. मला तेच जास्त भावतं. कीर्तनकार एकटाच उभा राहतो आणि कौसल्याही होतो, भरतही होतो, तसं आहे ते.

पुढे ‘शिवकल्याण राजा’ लावली. शिवरायांच्या राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या १९७४ सालची. संगीत हृदयनाथांचं, आवाज लताबाईंचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. समर्थ रामदास, कवी भूषण, सावरकर, कुसुमाग्रज असे वेगवेगळ्या काळांतले कवी तिथं एका माळेत ओवलेत. त्यातलं एखादंच गाणं मोबाइलवर ऐकलं, तर निवेदनानं बांधत आणलेला ताण हाती लागतच नाही. जुन्या लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटांत गाणं आटोपावं लागे. नंतरच्या लाँग प्ले तबकडीनं, म्हणजे एलपीनं, एका बाजूला वीसेक मिनिटं दिली आणि संगीतकाराला गाण्यांचा क्रमही रचता आला. कोणत्या गाण्यानंतर कोणतं, हीदेखील त्याचीच कामगिरी. ती मला इतक्या वर्षांनी, घरात कोंडून घेतल्यावर कळली.

लताबाईंनी गायलेल्या ज्ञानदेवांच्या रचना तर रोज संध्याकाळी लागत. आमची प्रवरा पुढे नेवाशाला जाते. तिथंच, १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. बाहेरच्या बातम्यांनी जीव धास्तावलेला असताना ही रेकॉर्ड लागली की घरातली सगळी माणसं आपसूक एका खोलीत येऊन बसत. बाजू संपेपर्यंत कुणी उठत नसे.

तुमच्याही घरी अशा रेकॉर्डी पडून असतील, तर त्या एकावर एक रचू नका, उन्हात तर मुळीच ठेवू नका, वाकतात. कव्हरात घालून उभ्या लावा. आणि झिजलेली पिन आधी बदलून घ्या, नाहीतर ती रेघा खरवडते.