आधी चिठ्ठी, मग नमुना



अध्यक्षपदावरून बोलतोय, म्हणून रिवाजाप्रमाणे मराठवाड्यातील वनस्पती-सर्वेक्षणाचा आढावा घेतो. कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात निघाला. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात, म्हणून त्या ग्रंथाबाहेर राहिला. ती उणीव प्रा. व्ही. एन. नाईक यांनी भरून काढली. त्यांचा उस्मानाबाद जिल्ह्याचा ग्रंथ 1979 चा, मराठवाड्याचा 1998 चा. आढावा संपला. आता इतकी वर्षे पोटात ठेवलेलं बोलतो.

आपले वाळवलेल्या झाडांचे नमुने चांगले असतात, त्यांच्या चिठ्ठ्या भिकार असतात. फूल, फळ, मूळ सगळं शीटवर नीट डकवलेलं. खाली लिहिलेलं काय, तर ‘किनवट जंगल’. अहो, किनवटचं जंगल काय परसबाग आहे? नाला की माथा? साग की बांबू? फूल ताजं असताना कोणत्या रंगाचं होतं? वाळल्यावर बहुतेक फुलं तपकिरीच दिसतात.

आणि ही आपली भूमी! इथे जिल्हेसुद्धा जागेवर राहत नाहीत. किनवट 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. लातूर जिल्हा 1982 चा. त्याआधीच्या औशाच्या शीटवर उस्मानाबाद लिहिलेलं असणार, आणि उस्मानाबादही आता धाराशिव झालं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी आणि आसपासची कितीतरी गावं नव्या जागी वसली. जुन्या शीटवर नुसतं ‘किल्लारी, विहिरीजवळ’ असेल, तर आज कोणत्या किल्लारीत जाऊन शोधायचं?

सकाळच्या सत्रात तरुण मित्र म्हणाले, आता मोबाइलवर फोटो आहे, डीएनए आहे, शीट कशाला? याचं उत्तर मला एका जुन्या कपाटापाशी मिळालं. एक वनस्पती लातूर जिल्ह्यात आहे की नाही, यावर दोन प्राध्यापक माझ्यासमोर अर्धा दिवस भांडले. शेवटी शीट निघाली. जात ओळखायला कोणालाच अडचण नव्हती. चिठ्ठीवर ‘जि. उस्मानाबाद, 1978’ एवढंच. तालुका नाही, गाव नाही. एक म्हणाला, ही तुळजापूरकडची; दुसरा म्हणाला, औशाची. वाद तिथेच थांबला, मिटला नाही. डीएनएने जात सांगितली असती, गाव कोण सांगणार? चिठ्ठी हा झाडाचा सातबारा आहे. तो कोरा असेल तर झाड कोणाचंच नाही.

फोटोला माझा विरोध नाही. पण फोटोतलं फूल उघडून आतले पुंकेसर मोजता येत नाहीत, आणि गवतं तर फोटोत सगळी सारखीच दिसतात.

खरा दोष मात्र आपला, शिक्षकांचा. प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी आपण दरवर्षी पोरांकडून रोपं उपटून घेतो. परीक्षा झाली की शीटा रद्दीत जातात. बांधांवर तणनाशक फिरतंय, तरवड-आघाडाही कमी होतायत, आणि उरलेलं आपण गुणांसाठी उपटतोय. हे बंद करा.

पुढच्या कामांबद्दल थोडं. जुन्या शीटांच्या चिठ्ठ्या तपासून नव्या जिल्हा-तालुक्यांशी जुळवायला हव्यात. नांदेडच्या विद्यापीठाने आणि त्याच्या लातूरच्या उपकेंद्राने पुढाकार घेतला तर बरं. कोण, कधी, किती पैशांत, हे चहाच्या वेळी ठरवू.

एवढंच मागतो: आजपासून ज्या चिठ्ठीवर गाव, शिवार, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव नसेल, ती शीट कपाटात घेऊ नका. मग ती माझी असली तरी.