निवडुंगावरचा पतंग आणि त्याची वांझ संतती

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात बूनार्गा नावाचे एक खेडे आहे. तेथील शेतकऱ्यांनी आपल्या सभागृहाला एका कीटकाचे नाव दिले आहे. हा कीटक म्हणजे कॅक्टोब्लास्टिस नावाचा करड्या रंगाचा एक क्षुद्र पतंग. फड्या निवडुंगाने त्या देशातील कोट्यवधी एकर जमीन गिळली होती. १९२५ साली अर्जेंटिनातून या पतंगाची अंडी तेथे नेण्यात आली आणि आठ-दहा वर्षांत त्याच्या अळ्यांनी ते रान पोखरून कुजवून टाकले. (दक्षिण भारतात हे काम केले ते कोचिनीलच्या जातीतील किड्यांनी.)

१९५७ साली हाच उपाय कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस बेटावर योजण्यात आला. तेथून पतंग बेटामागून बेट ओलांडीत गेला, आणि १९८९ साली फ्लोरिडात आढळला. पुढे मेक्सिको होता. मेक्सिकोत निवडुंग हे तण नव्हे. गरिबाच्या घरी त्याच्या कोवळ्या फड्यांची भाजी होते, फळे बाजारात जातात, अवर्षणात गुरे त्यावर जगतात. राष्ट्रध्वजावरील गरुडही निवडुंगावरच बसलेला आहे. अळ्या फड्याच्या पोटात लपून राहत असल्यामुळे, आणि निवडुंग रानोमाळ पसरलेला असल्यामुळे, औषध शिंपडून भागण्यासारखे नव्हते.

तेव्हा जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे अमेरिकन कृषिखात्याच्या शास्त्रज्ञांनी गॅमा किरणांचा आश्रय घेतला. किरणांनी माश्यांना वांझ करून सोडण्याची युक्ती १९५४ साली क्युरासाव बेटावर यशस्वी झाली होती. परंतु पतंगांची जात चिवट. बहुतेक प्राण्यांच्या गुणसूत्राला पेशीविभाजनाच्या वेळी धरण्याची एकच जागा असते; सूत्र तुटले, की ती जागा नसलेला तुकडा हरवतो. पतंगाचे सूत्र मात्र जवळजवळ सबंध लांबीभर धरले जाते. त्यामुळे तुटलेले तुकडे हरवत नाहीत. ते भलत्याच जागी जोडले जाऊन पुढल्या पिढीत उतरतात. पतंगाच्या नराला पुरते वांझ करावयाचे, तर किरणांची मात्रा इतकी वाढवावी लागते, की तो दुबळा होऊन मादीपर्यंत पोचेनासा होतो.

मग मात्रा बेताची ठेवण्यात आली. तिने मादी पूर्ण वांझ होते, नर अर्धवट. तो रानातल्या मादीशी संग करतो, थोडी संतती होते, तीत नरच अधिक. आणि ही संतती बापाहूनही वांझ निघते. बापाचे व्यंग मुलांत वाढून उतरते, आणि तेच येथे हवे असते.

या वांझ पिढीचा दुसरा उपयोग अधिकच चतुर आहे. पतंग अद्याप न पोचलेल्या मुलखात तो कोणता निवडुंग खाईल, तेथील भक्षक त्याला गाठतील काय, हे जाणावयाचे तर तो तेथे सोडला पाहिजे. आणि सोडला तर तो तेथेच ठाण मांडून बसेल. वांझ पिढीच्या अळ्या खातात, वाढतात, शत्रूंना बळी पडतात. वंश मात्र मागे ठेवीत नाहीत.

२००६ साली पतंग मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर सापडला. कीड लागलेली झाडे उपटणे, सापळे लावणे आणि वांझ पतंग सोडणे, असा तिहेरी उपाय झाला. २००९ पर्यंत ते संकट निपटले गेले. अमेरिकेच्या किनाऱ्याने मात्र पतंग पश्चिमेकडे सरकतच राहिला. तो टेक्सासपर्यंत जाऊन पोचला आहे, आणि टेक्सासच्या पलीकडे, एका नदीच्या अंतरावर, मेक्सिको आहे.