पुन्हा जाणे हीच सेवा
(पावणे येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेतला एक लिपिक, वक्ता नाही. गेली नऊ वर्षे महिन्यातले दोन रविवार मी एका बालगृहात मुलांचा अभ्यास घ्यायला जातो. म्हणून संस्थेने मला ‘अनाथ मुले आणि आपले कर्तव्य’ या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितले आहे.

जयंतीला, बुद्धपौर्णिमेला किंवा मुलाच्या वाढदिवसाला आपण बालगृहात फळे, वह्या, खाऊ घेऊन जातो. भावना चांगलीच असते. मुले रांगेत बसतात, टाळ्या वाजवतात आणि आपण ‘पुन्हा येऊ’ म्हणून निघतो. आपल्यासाठी तो निरोपाचा शब्द असतो, मुलासाठी तो वायदा असतो. ज्याची माणसे एकदा गेली ती परत आलीच नाहीत, तो असे वायदे विसरत नाही. पहिल्या दिवशी एका मुलाने मला नाव विचारले नाही. ‘तुम्ही किती दिवस येणार?’ एवढेच विचारले. पुढे पाच-सहा महिने तो जवळ फिरकला नाही. मग एका रविवारी भागाकाराचे गणित घेऊन आपणहून येऊन बसला. मी वेगळे काहीच केले नव्हते. मी फक्त येत राहिलो होतो.

बंधू-भगिनींनो, ही वाट आपल्याला नवी नाही. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांना त्याच्या दवाखान्यात आणीत होत्या आणि त्या सेवेतच त्यांना प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. जगाने टाकून दिलेले मूल जगाच्या उपयोगी पडले, कारण त्याच्यामागे कोणीतरी शेवटपर्यंत उभे होते.

आज कायदा आहे, बालकल्याण समिती आहे, सरकारी अनुदान आहे. तरी एक गोष्ट कायद्याला जमत नाही. अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलाला बालगृह सोडावे लागते. पुढे २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणगृहाची तरतूद आहे, पण सणाला जायला घर कोणते, हा प्रश्न उरतोच. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अपंग, बेवारस मुलांना वडील म्हणून आपले नाव दिले आणि अठरा वर्षांनंतरही या मुलांना तिथेच राहू द्यावे, असा आग्रह धरला. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याला एवढे जमेल असे नाही. पण थोडे जमेल.

माझ्या कामातलेच सांगतो. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते चालवता येईल, अशी मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दिली. खाते कसे चालते, पावती कशी भरायची, व्याज म्हणजे काय, हे अठराव्या वर्षाच्या आत शिकलेला मुलगा बाहेर फसत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांना शिक्षणात व नोकरीत एक टक्का आरक्षण दिले, पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते. अर्ज, पाठपुरावा, कार्यालयात खेपा. घरच्या मुलासाठी हे बाप करतो. इथे ते कोणी करायचे?

आणखी एक. बालगृहातल्या कित्येक मुलांना आई किंवा वडील असतात, फक्त त्यांना मूल पोसणे परवडत नाही. पावण्याच्या आसपास कारखान्यात, कंत्राटी कामावर राबणाऱ्या वस्त्यांत अशी विधवा माउली दिसली, तर तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची माहिती द्या. २०२३ मध्ये या योजनेची मदत दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. मूल आईजवळ राहिले तर त्यापरते चांगले काय?

शेवटी माझी विनंती. आपल्यातल्या दहा जणांनी अधीक्षकांची रीतसर परवानगी घेऊन वार ठरवून घ्यावेत. महिन्यातून एकच वार जमत असेल तर एकच सांगावा, पण तो पाळावा. जाता येणार नसेल तर आधी कळवावे. काम सोडायचे असेल तर मुलांना सांगून, दुसऱ्याला सोबत नेऊन, ओळख करून देऊन सोडावे. मुलांची ओळख उघड होईल असे फोटो छापू नयेत. त्याला कायद्यानेही मनाई आहे. आणि जे देता येणार नाही ते कबूल करू नये.

वह्या संपतात, खाऊ संपतो. ठरल्या दिवशी दारात उभे राहिलेले माणूस मात्र मुलाच्या मनात राहते. 

जयभीम!