पदवीचा कागद आणि वर्गाचे दार

(शब्बाथ उतरल्यानंतर सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



समितीने मला बोलण्याची विनंती केली तेव्हा मी प्रथम नाही म्हटले. रोज तीस मुलांपुढे उभी राहते, त्याची आता भीती वाटत नाही. पण येथे समोर ठाण्याच्या दोन मावश्या बसल्या आहेत. त्यांनी मला परकरात पाहिले आहे. त्यांच्यापुढे ‘शिक्षिका’ म्हणून उभे राहणे अवघड आहे. तरी आले, कारण गेल्या वर्षभरात भारतातून आलेल्या चार-पाच तरुण मुलामुलींनी मला एकच गोष्ट सांगितली : ‘ताई, आमची पदवी येथे रद्दी आहे.’ आजचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

मी २००६ साली आले. मुंबई विद्यापीठाची गणितातील बी.एस्सी. होते. पाच महिने उल्पानमध्ये काढले आणि मग कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने मोजण्याचे काम लागले. काम प्रामाणिक होते, माणसे चांगली होती. अकरा वर्षे गेली. पदवीचा कागद कपाटात केतुबाच्या खाली ठेवलेला होता. मधल्या काळात एका कचेरीत तो दाखवला, तेव्हा तेथील बाईंनी तो उलटा धरून पाहिला आणि परत दिला. मी त्याविषयी कोणाला बोलले नाही. न बोलणे ही आपली जुनी सवय आहे. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

बदल घडला तो माझ्या मुलीच्या शाळेतील पालकसभेत. गणिताच्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि कित्येक आठवडे बदली कोणी मिळत नव्हते. मी सहज म्हटले की हा विषय मी शिकले आहे. मुख्याध्यापिका माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘मग तुम्ही प्रयोगशाळेत काय करता?’ त्यांनीच मला ‘हसावत अकादेमाईम’ हे नाव प्रथम सांगितले. ज्यांच्याकडे एखाद्या विषयाची पदवी आधीच आहे त्यांना शिक्षक करणारा हा अभ्यासक्रम आहे. पदवी पुन्हा घ्यावी लागत नाही; शिक्षणशास्त्र, अध्यापनाची पद्धत आणि शाळेतील प्रत्यक्ष पाठ एवढे करावे लागते. बेरशेवाच्या के महाविद्यालयासारख्या आणि जेरुसलेमच्या डेव्हिड येलिन महाविद्यालयासारख्या संस्था शिक्षक घडवण्याचेच काम करतात. डेव्हिड येलिन तर १९१३ सालचे, म्हणजे राज्यापेक्षाही वयाने मोठे.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी पुन्हा बाकावर बसले. दिमोनाहून बेरशेवाला बसने जायचे, आठवड्यातून दोन दिवस वर्ग, एक दिवस शाळेत पाठ. कारखान्यातील काम अर्ध्यावर आणले. घरच्यांनी सांभाळले नसते तर जमले नसते, हे वेगळे सांगायला नको. गणित, विज्ञान, इंग्रजी अशा टंचाईच्या विषयांना शिष्यवृत्ती मिळू शकते, मला मिळाली. रक्कम व अटी बदलत असतात, म्हणून आकडा सांगत नाही. प्रवेशाच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

मला वाटले होते की गणित सर्वत्र सारखेच असते. पहिल्याच पाठात तो समज गेला. प्राथमिक शाळेत मी फळ्यावर बेरजेचे चिन्ह काढले आणि एक मुलगी म्हणाली, ‘मोरा, हे असे नसते.’ येथील लहान मुले आडव्या रेघेवर फक्त वर जाणारी उभी रेघ काढतात. खालचा पाय नसतो, क्रूस दिसू नये म्हणून. भागाकाराला दोन टिंबे. शब्द उजवीकडून लिहायचे आणि समीकरण मात्र डावीकडून. सुरुवातीला माझा खडू फळ्याच्या मध्यावर येऊन थांबत असे. सर्वांत फजिती केली ती आकड्यांनी. मराठीत तीन मुलगे, तीन मुली, तीन पुस्तके. तीन ते तीनच. हिब्रूत तीनाला दोन रूपे. नुसते मोजताना ‘शालोश’ म्हणायचे, मी ‘श्लोशा’ म्हणत असे. गणिताच्या शिक्षिकेला आकडेच म्हणता येत नाहीत, यावर मुले हसणार नाहीत तर काय! उच्चारांत एक आधार होता : ज्यांची मातृभाषा ‘चमचा’ हा शब्द जाणते त्यांना हिब्रूचा ‘त्सादी’ शिकवावा लागत नाही.

या काळात मला पाठ देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर ऐकणारे कोणी तरी होते. महाविद्यालयाच्या मार्गदर्शिका वर्गात मागे बसत. एकदा त्यांनी काहीही न लिहिता फक्त बाकांचा नकाशा काढला आणि मी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या जागी एकेक टिंब दिले. तास संपल्यावर तो कागद माझ्या हातात ठेवला. चोवीस टिंबांपैकी एकोणीस पहिल्या रांगेतील चार मुलांच्या नावावर होती. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. कागद अजून माझ्या पाकिटात आहे.

नंतर आले स्ताजचे वर्ष. प्रमाणपत्रापुरता अभ्यास झाला म्हणजे परवाना मिळत नाही. शाळेत पगारावर शिकवत, एका अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली उमेदवारी करावी लागते. वर्षाच्या मध्यावर आणि शेवटी मूल्यमापन होते, महाविद्यालयात स्ताजच्या लोकांचा गट भरतो. कागदावर व्यवस्था उत्तम आहे. माझ्या वाट्याला जी शाळा आली तिचे नाव घेत नाही. तेथे मला सातवीचा असा वर्ग दिला जो कोणालाच नको होता, आणि माझ्यासाठी नेमलेल्या मार्गदर्शक शिक्षिकेला स्वतःच्याच कामातून मान वर करायला वेळ नव्हता. सुक्कोथनंतर दोन महिने त्या माझ्या वर्गात एकदाही आल्या नाहीत. मीही बोलावले नाही. मला वाटले, तक्रार केली तर म्हणतील, हिला जमत नाही.

एक मुलगा माझा प्रत्येक उच्चार मोठ्याने परत म्हणत असे. सगळा वर्ग हसे. एके दिवशी मी तास अर्धा टाकून शौचालयात जाऊन रडले. त्या रात्री राजीनाम्याचे पत्र लिहिले. कारखान्यातील जुन्या साहेबांना फोन करून जागा आहे का, तेही विचारले. जागा होती.

पत्र देण्यापूर्वी गटाची बैठक होती. आमच्या गटात रहातची एक बेदुईन मुलगी होती, ताश्कंदहून आलेले एक अभियंते होते, इथिओपियात जन्मलेली एक तरुणी होती. प्रत्येकाने आठवड्यातील एक प्रसंग सांगायचा असे. मी नेहमी बरे चालले आहे असा एखादा प्रसंग सांगे. त्या दिवशी ताश्कंदच्या गृहस्थांनी, साठीला टेकलेल्या माणसाने, सांगितले की मुलांनी त्यांच्या पाठीवर कागद चिकटवला आणि ते दिवसभर तसेच फिरले. सांगताना ते हसत नव्हते. मग माझ्याही तोंडून सगळे बाहेर पडले, राजीनाम्यासकट.

गटप्रमुख बाईंनी एकच प्रश्न विचारला : ‘हे तू कोणाला कळवले आहेस?’ कोणालाच नाही. दहा दिवसांत महाविद्यालयाने शाळेशी बोलून माझी मार्गदर्शक बदलली. नवीन बाई निवृत्तीला आलेल्या, मोरोक्कोच्या घराण्यातील. त्या दर मंगळवारी वर्गात येत. त्यांच्या सांगण्यावरून मी त्या मुलाला चार जणांच्या छोट्या गटाच्या तासात घेतले. तेथे कळले की त्याला शाब्दिक उदाहरण धड वाचताच येत नाही. वर्षाअखेर त्याला एकसष्ट गुण मिळाले. नक्कल त्याने पूर्ण सोडली असे म्हणणार नाही. पण ‘शालोश’ चुकले की हात वर करून सांगू लागला.

मंडळी, मला अनेकदा वाटते, आपण समाज म्हणून मागायला घाबरलेलो नाही. विवाहाच्या प्रश्नावर आपल्या वडीलधाऱ्यांनी १९६४ साली जेरुसलेममध्ये धरणे धरले आणि क्नेसेटला आपल्या समानतेचा ठराव करावा लागला. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली मुलांची शाळा काढली, तीही लोकांपुढे हात पसरूनच चालली असणार. पण एकेकट्याने ‘मला जमत नाही, मदत करा’ म्हणायची वेळ आली की आपली जीभ जड होते. मी ते वाक्य दोन महिने उशिरा म्हटले. जिला मी अपयशाची कबुली समजत होते ती त्या व्यवस्थेत कामाचाच भाग होती. तिच्यावाचून व्यवस्थेला काही कळतच नाही.

पगाराविषयी खोटे सांगणार नाही. पहिल्या वर्षी मला कारखान्यापेक्षा कमी मिळाले. सुट्ट्या आहेत, पण वह्या घरी येतात. आणि येथे मुले नावाने हाक मारतात; ‘बाई’ ऐकायची सवय असलेल्याला ते बरेच दिवस बोचते.

आता कामाचे. परदेशी पदवीचे मूल्यमापन शिक्षण मंत्रालयाचा विभाग करतो. मूळ प्रमाणपत्र आणि सर्व वर्षांच्या गुणपत्रिका जमवा. मुंबईहून दुसरी प्रत मागवावी लागली तर वेळ जातो, तेव्हा आजच पत्र टाका. काही ठिकाणी हिब्रूची ‘याएल’ परीक्षा मागतात. अर्ज भरताना एकट्याने बसू नका. पुढील दोन मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मी याच सभागृहात, त्या मागच्या टेबलाशी असेन. कागद पिशवीत घालून आणा. उलटे असले तरी चालतील, आपण सरळ करून घेऊ.