कपाशीतली तूर
(वार्षिक समारंभात शिक्षक व पालकांसमोर केलेले भाषण)



बचतीविषयी चार शब्द बोलावेत अशी सूचना झाली, तेव्हा मला हसू आले. ज्याची बचत बुडाली, त्यालाच हे काम सोपविले गेले! असो. ठेच ज्याला लागली त्याला दगड कुठे आहे हे ठाऊक असते.

मी इतिहास शिकवितो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. त्या पैशावर मुंबईचा शेअरबाजार फुगला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि बँक ऑफ बॉम्बेसारखी सरकारचे भांडवल असलेली बँकही अखेर बुडाली. एवढे सांगून मी फळा पुसायचो. तो धडा मास्तरांसाठीही होता, हे मास्तरांना कळले नाही.

२०२१ साली शाळा बंद असताना मोबाईलवर क्रिप्टोचे भाव पाहण्याचा नाद लागला. अकोल्यात प्लॉट घेण्यासाठी सात वर्षांत साठविलेले ३ लाख ६० हजार आणि पत्नीच्या भिशीचे ६० हजार मी त्यात घातले. भिशीचे पैसे तिला न विचारता घेतले, हेही येथे कबूल करतो. नोव्हेंबरात बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या घरात गेले, माझा आकडा सहा लाखांवर दिसू लागला. मी विकले नाही. उलट दहापट उधारीचे सौदे सुरू केले. म्हणजे लाखाच्या बळावर दहा लाखांचा सौदा; भाव दहा टक्के उतरला की आपला लाख गेला आणि सौदा आपोआप बंद. त्यातून वाचले ते बहुतेक ‘लुना’ नावाच्या नाण्यात होते. मे २०२२ च्या सुरुवातीला सुमारे ८० डॉलरचे ते नाणे आठवड्याभरात कवडीमोल झाले. माझ्या हाती ७१,००० उरले.

पुढे डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइन एक लाख डॉलरच्या वर गेले. लोक म्हणाले, “सर, थांबायला पाहिजे होते.” पण उधारीचा सौदा माणसाला थांबू देत नाही. भाव पुढे चढणार हा माझा अंदाज बरोबर ठरला आणि तरी मी बुडालो.

आमच्या शाळेतील गणिताच्या सरांनी मला खुर्चीवर बसवून फळ्यावर हिशोब मांडला. शंभराचे पन्नास झाले, तर पुन्हा शंभर व्हायला दुप्पट वाढ लागते. माझ्या ७१ हजारांचे ४ लाख २० हजार व्हायला जवळजवळ सहापट. लाखातून दरवेळी उरलेल्या रकमेच्या दोन टक्के गमावले, तर सलग दहा वेळा हरूनही ८१ हजार राहतात. वीस टक्के गमावले, तर पावणेअकरा हजार. प्रश्न किती मिळेल हा नव्हताच, एका वेळी किती जाऊ द्यायचे हा होता.

घरी आल्यावर हेच अब्बांना सांगितले. ते अमरावतीकडचे कोरडवाहू शेतकरी. ते म्हणाले, “कपाशीत तुरीचे तास आम्ही कशासाठी घालतो? आणि पहिल्याच पावसावर सगळे बियाणे कोणी मातीत घालते का?” बियाणे राखले नाही तर दुबार पेरणीला सावकाराचे दार. मी बीए, बीएड झालो, पण ही गोष्ट बांधावर ऐकूनही विसरलो होतो.

आता सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत आणि पोस्टात असतो; त्याला हात लावायचा नाही. जोखमीच्या कामात बचतीचा विसावा हिस्सा, उधारी शून्य. घेण्यापूर्वीच कोणत्या भावाला बाहेर पडायचे ते वहीत लिहितो, आणि वही पत्नी पाहते. शिवाय २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे आणि एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे. मोबाईलवर सल्ला देणारे हे सांगत नाहीत.

त्या प्लॉटवर आता दुसऱ्याचे घर उभे आहे. भिशीचे पैसे मी पत्नीला महिन्याला अडीच हजारांप्रमाणे फेडतो आहे. सात हप्ते बाकी आहेत.