दिंडीच्या टेम्पोतली दुसरी बॅटरी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘निवृत्तीनंतर मी काय करतो’. माझं उत्तर एका ओळीचं आहे. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि निवृत्तिनाथांच्या पालखीत लागलो. चालायला नव्हे, गुडघे तेवढे राहिलेले नाहीत. मी दिंडीच्या टेम्पोची वीज बघतो. तीस-पस्तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढल्यावर माणसाला दुसरं काय येणार?

आपल्या ग्रुपवर अमेरिकेतला आपला मित्र त्याच्या आरव्हीचे फोटो टाकतो. आत पलंग, ओटा, फ्रिज, वर सोलर. त्याला त्या गाडीतली इंजिनाची बॅटरी वेगळी आणि घराची बॅटरी वेगळी. महाराष्ट्र शासनानंही 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण चाकावरचं घर म्हणजे काय, हे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला वारीच्या टेम्पोमुळे फार आधीपासून माहीत आहे. त्र्यंबकेश्वराहून ज्येष्ठात निघायचं, नाशिक, सिन्नर, अहिल्यानगर, करमाळा करत आषाढीला पंढरपूर गाठायचं. चारशेहून अधिक किलोमीटर, साधारण साडेतीन आठवडे. या सगळ्या काळात दीडशे माणसांच्या वळकट्या, राहुट्या, शेगड्या, भांडी, पीठ-डाळी आणि औषधांची पेटी एका टेम्पोत असते. चालणारे पुढे चालतात आणि त्यांचं घर मागून किंवा आडवाटेनं येऊन पुढच्या मुक्कामावर आधी पोहोचतं. पोहोचलं नाही, तर दीडशे माणसं उपाशी.

मी ज्या दिंडीची गोष्ट सांगतोय ती दिंडोरी तालुक्यातली. एके वर्षी करमाळ्याच्या अलीकडे त्यांचा मुक्काम माळावर होता. मी तेव्हा दिंडीत नव्हतो, मला हे नंतर कळलं. रात्री एका आजींना दम्याचा त्रास सुरू झाला. वाफ घ्यायचं यंत्र, म्हणजे नेब्युलायझर, बरोबर होतं. टेम्पोच्या बॅटरीवर एक छोटा इन्व्हर्टर जोडलेला होता, त्यावर ते रात्रीतून चार-पाच वेळा चालवलं. त्याच बॅटरीवर संध्याकाळपासून दिवे, कीर्तनाचा ॲम्प्लिफायर आणि मोबाईलचा मोठा गुच्छ. आजींना आराम पडला, पण पहाटे गाडी सेल्फ मारेना. काळ्या मातीत चाकं रुतलेली, गाडी भरलेली, धक्का मारून काय होणार? दुसऱ्या गाडीवरून बॅटरी जोडून ती सुरू व्हायला दुपार झाली. पुढच्या मुक्कामावर माणसं पोहोचली तेव्हा चूल पेटलेली नव्हती.

त्या सालच्या दिवाळीनंतर दिंडीचे विणेकरी बुवा माझ्या घरी आले आणि म्हणाले, “माऊली, आजीचं यंत्रही चाललं पाहिजे आणि गाडीही सुटली पाहिजे. दोन्हीतलं एक निवडायची पाळी पुन्हा येऊ देऊ नका.” इंजिनिअरला याहून स्वच्छ भाषेत काम सांगितलेलं मी नोकरीत कधी ऐकलं नव्हतं.

आता थोडं शास्त्र. विज्ञानाचे सर समोर बसले आहेत, म्हणून जपून बोलतो. गाडीची बॅटरी धावणाऱ्याची असते, वारकऱ्याची नसते. तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ. सेल्फ मारताना दोन-चार सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि मग डायनॅमोनं लगेच तिला भरून काढायचं, एवढंच तिचं काम. तिला रात्रभर थोडं थोडं द्यायला लावलं आणि पार रिकामी होऊ दिली, तर ती थोड्याच वेळात मरते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी उलट. जाड नळ्या, तासन् तास पाच-दहा अँपिअर देणार. म्हणून ‘मोठी बॅटरी टाका की’ हा सल्ला मला सगळ्यांनी दिला, तो उपयोगाचा नव्हता. दोन कामं आहेत, बॅटऱ्या दोनच हव्यात.

किती मोठी हवी, हे मी वहीत मांडलं. नऊ वॅटचे पाच एलईडी दिवे पाच तास, म्हणजे सव्वादोनशे वॅट-तास. ॲम्प्लिफायर शंभरच्या आत. नेब्युलायझर जोरात वाटतो, पण एका वेळी दहाच मिनिटं चालतो, पंचवीसच्या आसपास. आणि मोबाईल? चाळीस स्मार्टफोन अर्धे अर्धे भरायचे तरी चारशे वॅट-तास! निम्म्याहून जास्त वीज मोबाईलच खाणार, हा आकडा मी बुवांना दाखवला. ते हसले नाहीत. म्हणाले, “घरी म्हातारीला रोज आवाज ऐकवायचा असतो त्यांना, ते कमी करू नका.” मग मी दुसरीकडे कात्री लावली. कुणीतरी इन्सुलिनसाठी छोटा फ्रिज सुचवला होता. तो दिवसरात्र चालणार, एकटा सगळ्या मोबाईलएवढी वीज पिणार. दिंडीबरोबरच्या डॉक्टरांना विचारलं. वापरात असलेलं इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात सावलीला ठेवलं तर चालेल, न उघडलेल्या बाटल्या मुक्कामाच्या गावात कुणाच्या फ्रिजमध्ये ठेवा, असं ते म्हणाले. फ्रिज वहीतून गेला.

बेरीज साडेसातशे वॅट-तास. बारा व्होल्टनं भागा, वाया जाणारं धरा, म्हणजे रात्रीचे सत्तर अँपिअर-तास. शिशाची बॅटरी अर्ध्याहून खाली उतरवू नये, म्हणून दीडशेची घेतली. लिथियमची शंभरची पुरली असती आणि वजन पंधरा किलोच्या आत राहिलं असतं. ही पन्नास किलोच्या वर जाते, उचलायला दोन माणसं लागतात. पण लिथियम महाग, आणि करमाळ्याच्या माळावर ती बिघडली तर बघणार कोण? ट्युब्युलर बॅटरी प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळते. डिस्टिल्ड वॉटर तर किराणा दुकानातही मिळतं.

आता खरी मेख. दोन बॅटऱ्या नुसत्या वायरनं जोडून ठेवल्या तर रिकामी भरलेलीला खाली ओढते आणि सकाळी दोन्ही उतरलेल्या! मध्ये असा रिले लागतो, जो व्होल्टेज बघून स्वतः जोडतो आणि तोडतो. इंजिन चालू झालं, डायनॅमोनं साडेतेराच्या वर व्होल्टेज नेलं, की जोडायचं. इंजिन बंद पडलं, व्होल्टेज बारा-आठवर आलं, की तोडायचं. मग रात्री कुणी काहीही चालवो, गाडीच्या बॅटरीला हात लागत नाही. आमचा टेम्पो जुना, त्याला हे चाललं. बीएस-सहाच्या काही गाड्यांत डायनॅमोचं व्होल्टेज गाडीचा संगणक कमी-जास्त करतो, तिथे या रिलेचा गोंधळ होतो आणि मध्ये वेगळा डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा लागतो. लिथियमलाही तोच बरा, नाहीतर ती डायनॅमोतून इतका करंट ओढते की तो तापतो. मोठ्या ट्रकची यंत्रणा चोवीस व्होल्टची असते, तिथे हे सगळं गणित वेगळं.

एवढं झालं आणि मला वाटलं, काम संपत आलं. मग मुक्कामांची अंतरं लिहून काढली. पालखी दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालते, कधी जास्त. म्हणजे टेम्पो दिवसभरात अर्धा-पाऊण तास धावणार! अमेरिकेतला मित्र सकाळी निघून संध्याकाळपर्यंत गाडी हाकतो, त्याची घराची बॅटरी वाटेत आपोआप भरते. आमच्या अर्ध्या तासात पंधरा अँपिअर-तास पडणार आणि रात्री सत्तर जाणार. आरव्हीचं सगळं ज्ञान इथे येऊन थांबलं. वाहन आहे, पण ते चालत नाही, चालतात माणसं. मुक्कामावर इंजिन चालू ठेवणं हा उपाय अनेक जण करतात. डिझेल जळतं ते जळतंच, पण शेजारी माणसं झोपलेली असतात आणि धूर राहुटीत शिरतो. मी तो पहिल्याच दिवशी बाद केला.

वरच्या पत्र्यावर एकशे पासष्ट वॅटचे दोन सोलर पॅनेल टाकले. उन्हाचा दिवस असेल तर दोघं मिळून रात्रीची गरज सहज भरून काढतात. पण आषाढात ऊन मागायचं कुणाकडे? ढगाळ दिवशी पावपट हाती लागतं. म्हणून तिसरा रस्ता ठेवला, वीस अँपिअरचा चार्जर. मुक्कामाला शाळा, मंदिर, ग्रामपंचायत असेल तिथे परवानगी घेऊन तीन-चार तास लावायचा. आकडा टाकायचा नाही, हे मी बजावून सांगितलं आहे. पालखीच्या नावानं कुणी नाही म्हणत नाही, मग चोरी कशाला? डायनॅमो, ऊन, गावची वीज, तिन्हीकडचं थोडं थोडं. दिंडीचं धान्यही असंच जमतं.

वायरच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. द्वारकेवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं सहा चौरस मिलिमीटरची वायर काढून दिली होती, “एवढी बास आहे, साहेब.” तीस अँपिअर, जाऊन-येऊन बारा मीटर. बारा व्होल्टातला एक व्होल्ट वाटेतच जातो आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. मी पंचवीसची टाकली. आणि फ्यूज दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून हाताच्या अंतरावर. घरात वीज एका बाजूनं येते, इथे दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मधे वायर घासून पत्र्याला टेकली तर दोन्हीकडून आग. बॅटरीची पेटी हौद्याच्या बाहेर, खाली, भोकं ठेवून. कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि आत गॅसची सिलिंडरं असतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. तिथे रिलेची एक ठिणगी पुरे आहे. चासीला एकही नवं भोक पाडलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनाला येईल ते बदल करू देत नाही. विमा कंपनीलाही मालकानं लेखी कळवलं.

दुसरी हट्टाची गोष्ट. राहुटीत 230 व्होल्ट न्यायचेच नाहीत. दिवे बारा व्होल्टचे, मोबाईलचे पॉइंट बारा व्होल्टवरचे, ॲम्प्लिफायरही गाडीत चालणारा. पाऊस, ओली माती, अनवाणी पाय आणि लोखंडी खांब, यांत 230 चा बोर्ड लोंबकळत असेल तर कुणाचा तरी जीव जाणार. घरचा ईएलसीबी वाचवेल म्हणाल, तर तो घरच्या अर्थिंगच्या भरवशावर काम करतो. रबरी टायरवर उभ्या असलेल्या टेम्पोतल्या इन्व्हर्टरवर तो भरवसा धरता येत नाही. इन्व्हर्टर आहे, तीनशे वॅटचा, शुद्ध साइन वेव्हचा, पण केबिनमध्ये, एकाच सॉकेटचा आणि नेब्युलायझरपुरता. आजी केबिनमध्ये येऊन बसतात. ड्रायव्हरनं त्यांच्यासाठी उशी ठेवली आहे. गावची वीज घेताना मात्र तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी मध्ये असल्याशिवाय चार्जर लावायचा नाही.

पहिल्या वर्षी मी सिन्नर तालुक्यात दातलीच्या रिंगणापर्यंत गाडीबरोबर होतो. रिंगण बघायचं सोडून मीटर बघत बसलो म्हणून बुवांनी मला दटावलं. पुढे रोज सकाळी ड्रायव्हरचा फोन यायचा, दोनच आकडे, गाडीची बॅटरी किती, घरची किती. एकदा सलग तीन दिवस सूर्य दिसला नाही आणि मुक्काम माळावर. घरची बारा-शून्यवर आली. त्यांनी स्वतःच ठरवलं, आज मोबाईल बंद, ॲम्प्लिफायर बंद, फक्त दोन दिवे आणि आजींचं यंत्र. कीर्तन बिनमाईकचं झालं. पहाटे गाडी पहिल्या सेल्फला सुटली.

टेम्पो एका शेतकऱ्याचा आहे. वारी संपली की तो त्यात टोमॅटो, कांदा आणि पुढे द्राक्षं वाहतो. म्हणून सगळा संच नटबोल्ट आणि प्लगवर आहे, दोन तासांत उतरतो. बॅटरी रिकामी पडून राहिली तर खराब होते, म्हणून उरलेले अकरा महिने ती गावातल्या अभ्यासिकेच्या इन्व्हर्टरला असते. दहावीची मुलं तिच्यावर अभ्यास करतात आणि त्यातलीच एक मुलगी दर महिन्याला पाणी बघून वहीत नोंद करते. ती आता सातपूरच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतेय. येत्या ज्येष्ठात जोडणी तिनंच करायची, मी फक्त खुर्ची टाकून बसायचं, असं ठरलं आहे. टेम्पो पालखीबरोबर नाशकात मुक्कामाला असेल. ज्यांना बघायचा असेल त्यांनी मला आदल्या दिवशी फोन करा आणि येताना जुने पण चालू स्थितीतले मोबाईलचे चार्जर असतील तर घेऊन या, त्यांचा तुटवडा कायम असतो.